ऑटोमॅटिक मस्टँगला सुपरचार्जर: कोणता घ्यावा आणि का

सुपरचार्जर म्हणजे इंजिनच्या पट्ट्यावर फिरून जादा हवा आत दाबणारा ब्लोअर. प्रश्न थोडक्यात असा: गाडी २०१७ची फोर्ड मस्टँग जीटी, ५.० लिटर व्ही८, सहा गिअरची ऑटोमॅटिक. मालक ठाण्यात घोडबंदर रोडला राहतात. इंजिन-गिअरबॉक्स मूळचेच, ४१ हजार किलोमीटर झालेत. आठवड्यातून एक-दोनदा वाशीपर्यंत फेरी आणि वर्षातून एखाद्या वेळी बंदिस्त धावपट्टीवरचा ड्रॅग इव्हेंट, एवढाच वापर. दोन कोटेशनं हातात आहेत. एक २.९ लिटर ट्विन-स्क्रूचं (दोन मळसूत्रांनी हवा दाबणारा), दुसरं सेंट्रिफ्युगलचं (टर्बोसारख्या पंख्याने हवा दाबणारा). दोघेही ७०० एचपी सांगतायत. कोणता घ्यावा?

दोन्ही कोटेशनं तूर्त बाजूला ठेवा. तुमच्या वापराला मी २.३ लिटरचा, आणि तो मिळत नसेल तर २.६५ लिटरचा टीव्हीएस ब्लोअर (पिळलेल्या पात्यांच्या दोन रोटरचा, इंजिनच्या माथ्यावर बसणारा; दुचाकीवाल्या टीव्हीएसशी संबंध नाही) सुचवेन. किटसोबत येणाऱ्यातली सगळ्यात मोठी पुली (मोठी पुली म्हणजे ब्लोअर हळू, बूस्ट कमी), बूस्ट म्हणजे जादा हवेचा दाब ६ ते ७ पीएसआय, क्रँकला (चाकांवर नव्हे, इंजिनवर मोजलेले) साधारण ५८० ते ६०० एचपी. आकडा ७०० नाही हे मान्य. पण हे ६०० मे महिन्यात दुपारी दोन वाजताही हाताशी असतील आणि गिअरबॉक्स शाबूत राहील. कारणं पटली नाहीत तरी कोटेशन देणाऱ्याला काय विचारायचं ते तरी यातून कळेल.

आधी गिअरबॉक्स बघा, इंजिन नंतर. तुमचा बॉक्स म्हणजे फोर्डचा ६आर८०, झेडएफच्या ६एचपी२६ वर बेतलेला. नावातले ८० म्हणजे ८०० न्यूटन-मीटरचा वर्ग. भारतात आलेली जीटी ४०१ पीएस आणि ५१५ न्यूटन-मीटरची, त्यामुळे मूळ अवस्थेत बॉक्सला भरपूर मोकळीक आहे. ६०० एचपीच्या टीव्हीएस किटवर टॉर्क ६८० न्यूटन-मीटरच्या आसपास जातो, म्हणजे अजूनही हातचं राखून. २.९ लिटरच्या ट्विन-स्क्रूवर छोटी पुली चढवून ७०० एचपी काढायला गेलात की टॉर्क ८००च्या उंबरठ्यावर येतो, तोही साडेतीन-चार हजार आरपीएमलाच. वर ब्रेक दाबून एक्सलरेटर देत लाँच घेतला तर टॉर्क कन्व्हर्टर (इंजिन आणि बॉक्स यांना तेलातून जोडणारा भाग) तो टॉर्क पटीने वाढवतो. बॉक्स त्या दिवशी तुटत नाही. क्लच प्लेट थोड्या थोड्या घसरतात, तेल काळं पडतं, आणि काही महिन्यांनी गिअर पडताना आरपीएम उगाच वर उडायला लागतो. गिऱ्हाईक तेव्हा इंजिनच्या संगणकातल्या सेटिंगला दोष देतं, ‘ट्यूनमध्ये काहीतरी गडबड आहे.’

ट्विन-स्क्रू वाईट म्हणून मी हे म्हणत नाही. १२-१४ पीएसआयला त्याची कार्यक्षमता टीव्हीएसपेक्षा सरस असते. ज्यांचं इंजिन आतून फोर्ज्ड (ठोकून घडवलेल्या) पिस्टनवर बांधलंय, बॉक्सला चांगल्या क्लच प्लेट आणि बिलेट (अखंड धातूतून कापलेला) कन्व्हर्टर आहे, त्यांनी तो खुशाल घ्यावा. ७ पीएसआयच्या कामाला तेवढा मोठा ब्लोअर लागत नाही.

सेंट्रिफ्युगलचा प्रश्न उलटा आहे. त्याचा बूस्ट आरपीएमच्या साधारण वर्गाने वाढतो. समजा ६,८०० आरपीएमला ९ पीएसआय मिळतो. ६आर८०चा पहिला गिअर ४.१७, दुसरा २.३४. पहिल्यातून दुसऱ्यात गेल्यावर आरपीएम ५६ टक्क्यांवर येतो, म्हणजे ३,८००. तिथे बूस्ट उरतो फक्त २.८ पीएसआय. दुसऱ्यातून तिसऱ्यात, २.३४ वरून १.५२ वर जाताना ४,४००ला येता, तिथे ३.८. कन्व्हर्टरची घसरण आरपीएम थोडा वर धरते, पण चित्र फारसं बदलत नाही. मॅन्युअल गाडीत ड्रायव्हर इंजिन वरच्या टप्प्यात ठेवू शकतो. तुमच्या मूळ कन्व्हर्टरचा स्टॉल (ज्या आरपीएमला तो नीट पकड घेतो) कमी, त्यामुळे सिग्नलवरून निघताना गाडी जवळपास जशी होती तशीच वाटणार. मग विक्रेता सुचवतो ३,२०० किंवा ३,४०० स्टॉलचा कन्व्हर्टर. ड्रॅग स्ट्रिपवर तो झकास. पण गायमुख घाटात ट्रेलरच्या मागे पाऊण तास रांगताना तोच सैल कन्व्हर्टर लॉक न होता तेल घुसळत राहतो आणि बॉक्सचं तापमान चढतं. ट्रान्समिशन तेल ८५ ते ९५ अंशांत असावं. ११०च्या वर सतत राहिलं तर काळजी करा, १२०ला गाडी बाजूला घ्या.

सेंट्रिफ्युगलची खरी जमेची बाजू सांगतो, कारण ती आपल्या हवेत मोलाची आहे. इंजिनच्या माथ्यावर तापलेला लोखंडी-अॅल्युमिनिअमचा डोंगर बसत नाही. बहुतेक किटना पुढे हवेने थंड होणारा मोठा इंटरकूलर (दाबलेली हवा गार करणारा) येतो, त्यात ना पाणी, ना पंप. तुमचा वापर फक्त धावपट्टी आणि रात्रीचा मोकळा महामार्ग असता तर मी त्यालाच कौल दिला असता. पण एक अडचण आहे: अनेक किटमध्ये हवेचा फिल्टर बंपरच्या मागे खाली येतो. ठाण्याहून वाशीला जाताना विटाव्याच्या रेल्वे पुलाखाली जुलैत किती पाणी साचतं ते तुम्हाला ठाऊकच आहे. फिल्टरने एकदा पाणी ओढलं की कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि त्याची दुरुस्ती म्हणजे पूर्ण इंजिन उतरवणं. तरी सेंट्रिफ्युगलच घ्यायचा ठरला तर फिल्टर जमिनीपासून नेमका किती उंचीवर बसणार हे आधी फोटोसकट मागवा.

आता उष्णता, कारण टीव्हीएस घेतल्यावर तुमची खरी लढाई तीच आहे. बाहेर ३४ अंश आहे असं धरा. ७ पीएसआय बूस्ट आणि ब्लोअरची कार्यक्षमता ६५ टक्के धरली तर हवा ब्लोअरमधून बाहेर पडते ती ९० अंशांच्या आसपास. १० पीएसआयला तीच ११०. हे झालं स्वच्छ ३४ अंशांची हवा आत गेली तर. माजिवड्याला जाममध्ये उभ्या गाडीच्या बॉनेटखालची हवा त्याहून कितीतरी गरम असते. किटमधला पाण्याचा इंटरकूलर यातली बरीच उष्णता काढतो, पण ते पाणी थंड करायला पुढचा हीट एक्सचेंजर (छोटा रेडिएटर) आणि एक छोटा विद्युत पंप एवढंच असतं. गाडी उभी असली की एक्सचेंजरमधून वारा जात नाही आणि ब्लोअर खालून इंजिनची धग घेत राहतो. जाम सुटल्यावर तुम्ही पाय दाबता तेव्हा आतल्या हवेचं तापमान ६५-७० असतं, ईसीयू (इंजिनचा संगणक) ठिणगीचं टायमिंग मागे घेतो, आणि ६०० एचपीची गाडी ४५०सारखी चालते. यात बिघाड काही नाही, ईसीयू इंजिन वाचवतोय.

म्हणून किटच्या बरोबर येणारा एक्सचेंजर आपल्याकडे अपुरा समजा. दुहेरी पास असलेला, जाड गाभ्याचा, शक्यतो स्वतःचे पंखे असलेला घ्या. पंखे इथे चैन नाहीत. सर्किटमध्ये निम्मं कूलंट, निम्मं डिस्टिल्ड पाणी. पाणी भरताना हवा अडकते, आणि बसवल्यानंतरच्या बहुतेक ‘गाडी गरम होते’ तक्रारींचं मूळ हेच. खात्री करायची सोपी रीत: इग्निशन चालू करा, रिझर्व्हॉयरचं झाकण उघडून टॉर्चने आत बघा. पाणी भोवऱ्यासारखं फिरताना दिसलं पाहिजे. पंपाचा आवाज येतोय पण पाणी स्थिर आहे, तर हवा अडकली आहे किंवा नळ्या उलट्या जोडल्यात. व्हॅक्यूम फिलर (आधी हवा ओढून मग पाणी भरणारं साधन) वापरणाऱ्या गॅरेजकडूनच हे काम करून घ्या. एक्सचेंजर एसीच्या कंडेन्सरच्या पुढे बसतो, त्यामुळे एसी थोडा कमी गार वाटेल, तेवढं सहन करावं लागतं. घोडबंदर रोडची धूळ आणि पावसातला चिखल त्याच्या पाकळ्यांत बसतो. दोन-तीन महिन्यांनी साध्या पाइपने धुवा, प्रेशर वॉशरने पाकळ्या वाकतात.

पूर्ण थ्रॉटलला (एक्सलरेटर पूर्ण दाबून) आतल्या हवेचं तापमान बाहेरच्यापेक्षा २०-२५ अंश वर राहिलं तर व्यवस्था ठीक आहे. हा फरक ४० अंशांच्या वर गेला तर पुली लहान करण्याचा विचारसुद्धा करू नका.

पेट्रोलबाबत एक गैरसमज सगळीकडे दिसतो. अमेरिकन किटवर ‘९१ ऑक्टेन’ लिहिलेलं असतं आणि आपल्याकडच्या साध्या पेट्रोलचा आकडाही बरीच वर्षं ९१ होता. हे दोन ९१ वेगळे आहेत. ऑक्टेन मोजायच्या रॉन आणि मॉन अशा दोन पद्धती आहेत; अमेरिकेत त्यांची सरासरी लिहितात, आपण नुसता रॉन. त्यांचं ९१ म्हणजे आपलं ९५-९६, त्यांचं ९३ म्हणजे आपलं ९८च्या आसपास. तुमच्या इंजिनाचं कॉम्प्रेशन ११:१ आहे. त्यावर ७ पीएसआय आणि ९१ रॉनचं पेट्रोल टाकलं तर नॉकिंग (पेट्रोलचा अवेळी स्फोट) होणारच, आणि या इंजिनाचे कास्ट पिस्टन रिंगच्या कडेला तुटतात. कायमचं ९५ रॉन धरून ट्यून करून घ्या. इव्हेंटला इंडियन ऑइलचं एक्सपी१०० किंवा तत्सम १०० ऑक्टेनचं पेट्रोल, तेही जाताना वाटेत मिळेल या भरवशावर नको. मोजक्याच पंपांवर ते असतं, आधी फोन करून खात्री करा.

इथेनॉलची गोष्ट वेगळी. ई२० मध्ये (२० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलमध्ये) हवा-इंधनाचं आदर्श प्रमाण १४.७ वरून १३.५ च्या आसपास येतं, म्हणजे तेवढ्याच हवेला ८-९ टक्के जास्त पेट्रोल लागतं. इंजेक्टरचा (इंजिनात पेट्रोल फवारणाऱ्या भागाचा) हिशोब त्यावरच करा. ६०० एचपी, सुपरचार्ज्ड इंजिनला ताशी प्रत्येक एचपीमागे ०.६२ पाउंड पेट्रोल, म्हणजे ताशी ३७२ पाउंड. आठ इंजेक्टरांत भागिले तर ४६.५. इंजेक्टर क्षमतेच्या ८५ टक्क्यांच्या वर चालवायचा नाही, म्हणून प्रत्येकी ताशी ५५ पाउंड, म्हणजे मिनिटाला सुमारे ५७५ सीसी. ई२० साठी आणखी ८-९ टक्के, म्हणजे ६२० ते ६२५ सीसी. अनेक किटमध्ये ४७ पाउंडचे इंजेक्टर येतात. या हिशोबाने ते इथे कमी पडतात. गाडीच्या टाकीतल्या मूळ पेट्रोल पंपालाही व्होल्टेज बूस्टर किंवा मोठा पंप लागेल. चाचणीच्या वेळी रेलला (इंजेक्टरांना पेट्रोल पुरवणाऱ्या नळीला) प्रेशर गेज लावा. पूर्ण थ्रॉटलला दाब खाली सरकायला लागला की पाय उचला. उन्हाळ्यात पाव टाकीच्या खाली पेट्रोल जाऊ देऊ नका, पंप पेट्रोलमध्ये बुडालेला राहिला तरच थंड राहतो.

ट्यूनर ‘एएफआर (हवा-इंधनाचं प्रमाण) ११.५ ठेवू’ म्हणाला तर त्याला लॅम्डात, म्हणजे आदर्श प्रमाणाच्या तुलनेत, बोलायला सांगा. इथेनॉलचं प्रमाण बदललं की एएफआरचा आकडा फसवा होतो, लॅम्डा होत नाही. पूर्ण बूस्टला ०.८० ते ०.८२.

किटसोबत येणारी तयार ट्यून तुमच्या गाडीत टाकू नका. ती अमेरिकन फाइलवर बनलेली असते, भारतीय जीटीचं कॅलिब्रेशन वेगळं आणि मुळातच कमी ताकदीचं. आधी गाडीतली मूळ फाइल वाचून जपून ठेवा, तीच ट्यूनरला पाठवा आणि त्याच्यावरच काम व्हायला हवं. ऑटोमॅटिकमध्ये इथेच सगळ्यात महागडी चूक होते. ६आर८० चा कंट्रोल ईसीयूने मोजलेल्या टॉर्कवर चालतो. क्लच किती दाबाने धरायचे ते तो त्या आकड्यावरून ठरवतो. टॉर्क मॉडेल नीट न बसवता नुसतं पेट्रोल आणि टायमिंग बदललं तर ईसीयूला वाटतं इंजिन ५०० न्यूटन-मीटर देतंय, प्रत्यक्षात ६८० असतात. क्लचवर दाब कमी पडतो आणि ते घसरतात. डायनोवर (रोलरवर ताकद मोजायच्या यंत्रावर) हे दिसत नाही, गिअरबॉक्स उघडल्यावर दिसतं. म्हणून ट्यूनरला सरळ विचारा: टॉर्क टेबल आणि लाइन प्रेशर (बॉक्समधल्या तेलाचा दाब) बदलणार का? ‘गिअरबॉक्सला हात लावत नाही’ असं उत्तर आलं तर दुसरा ट्यूनर शोधा. गिअर बदलताना ईसीयू क्षणभर टॉर्क कमी करतो, तेही पूर्ण काढून टाकायला सांगू नका. शिफ्ट कडक वाटतो म्हणून लोक खूश होतात, बॉक्स होत नाही. डायनोवर ओढ चौथ्या गिअरला घ्यायची, १.१४ म्हणजे थेटच्या (१:१) जवळचा.

सुपरचार्जरच्या आधी गिअरबॉक्सवर करायचं काम: मरकॉन एलव्ही तेल आणि फिल्टरसह नवीन पॅन, जुन्या पॅनच्या चुंबकावर काय चिकटलंय ते स्वतः बघा. करड्या रंगाची मऊ पेस्ट चालते, चमकदार तुकडे दिसले तर आधी बॉक्स, मग ब्लोअर. पातळी ठरावीक तापमानालाच मोजायची असते, थंड गाडीवर मोजणाऱ्याकडे बॉक्स देऊ नका. सोबत वेगळा, पंख्याचा ट्रान्समिशन कूलर. इंजिनची कॉम्प्रेशन आणि लीकडाउन (सिलिंडरमधून हवा किती गळते याची) चाचणी आधी करून घ्या. सगळ्यात कमी सिलिंडर सगळ्यात जास्तच्या ७५ टक्क्यांखाली असेल किंवा लीकडाउन १० टक्क्यांच्या वर असेल तर पुढे जाऊच नका.

इंजिनातला एक कच्चा दुवा म्हणजे ऑइल पंपाचे गिअर. ते पावडर-मेटलचे असतात, रेव्ह लिमिटरवर वारंवार आपटलं की फुटतात. ऑटोमॅटिकमध्ये चुकीचा खालचा गिअर पडण्याचा धोका नाही, त्यामुळे ६०० एचपीला ते तसेच ठेवलेत तरी चालेल. ७००चा हट्ट असेल तर बिलेट गिअर आणि क्रँक स्प्रॉकेट आधी. पुढचं पूर्ण कव्हर उतरवावं लागतं, मजुरी पार्टपेक्षा जास्त होते.

बसवताना बारकाव्यांकडे लक्ष. मूळ इनटेक मॅनिफोल्ड उचलला की आठही पोर्ट त्याच क्षणी टेपने बंद करायला सांगा, एक वॉशर आत गेला तरी इंजिन संपतं. नॉक सेन्सर मॅनिफोल्डखाली व्हीच्या खोबणीत असतात. ब्लोअर बसल्यावर तिथे हात पोहोचत नाही, म्हणून बोल्ट टॉर्क रेंचने, साधारण २० न्यूटन-मीटरला, आणि वायर कुठेही दबलेली नाही ना ते बघूनच वरचा भाग बसवायचा. दबलेली वायर म्हणजे नॉक न दिसणारं इंजिन. स्पार्क प्लग एक पायरी थंड (उष्णता लवकर काढून देणारे), गॅप मूळच्या १.२५-१.३५ मिलिमीटर ऐवजी ०.८ ते ०.९. नाहीतर बूस्टमध्ये ठिणगी विझते आणि गाडी ५,००० नंतर अडखळते. लोक कॉइल बदलत बसतात. क्रँककेसच्या नळीला कॅच कॅन (तेलाची वाफ अडवणारा डबा) लावा, आत जाणारी तेलाची वाफ ऑक्टेन कमी करते.

राइट-हँड-ड्राइव्हचं विसरू नका. ऑस्ट्रेलिया आणि ब्रिटनमध्ये हीच गाडी उजव्या स्टिअरिंगची विकली गेली, तिथे बसवलेलं किट असेल तर ब्रेक बूस्टर आणि नळ्यांची जागा जुळते. निर्मात्याकडून हे लेखी घ्या. अमेरिकेत किट साधारण ७,००० ते १०,००० डॉलरच्या पट्ट्यात असतात. न्हावा शेव्यापर्यंतचं भाडं, कस्टम ड्युटी आणि जीएसटी यांचा हिशोब क्लिअरिंग एजंटकडून ऑर्डर देण्याआधी मागवा. आणि एकूण खर्चातला निदान तिसरा हिस्सा एक्सचेंजर, कूलर, इंजेक्टर, ट्यून यांच्यासाठी राखून ठेवा.

कायद्याचं स्पष्ट सांगतो. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ निर्मात्याच्या मूळ रचनेशी न जुळणाऱ्या बदलांना मनाई करतं, आणि २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच म्हटलंय. ठाण्याचं एमएच-०४ असो वा वाशीचं एमएच-४३, आरटीओत आणि विमा कंपनीकडे ऑर्डरआधी लेखी विचारा. पीयूसी मिळाली म्हणजे बदल कायदेशीर झाला असं नाही, आणि अपघात झाल्यास विमा कंपनी याच बदलावर बोट ठेवेल. लेखी परवानगी नसेल तर गाडी फक्त धावपट्टीवर, ट्रेलरने न्यायची. पाम बीच रोड ही चाचणीची जागा नव्हे.

बसवल्यानंतर पहिले ५०० किलोमीटर अर्ध्या थ्रॉटलच्या आत. मग इंजिन ऑइल बदला, ७.६ लिटर लागतं. नळ्यांचे क्लॅम्प पुन्हा आवळा, एक्सचेंजरच्या पाण्याची पातळी बघा. पूर्ण थ्रॉटलचा पहिला लॉग (ईसीयूच्या आकड्यांची नोंद) तिसऱ्या गिअरमध्ये, बंदिस्त जागी: लॅम्डा, नॉक रिटार्ड, आतल्या हवेचं तापमान, इंजेक्टर ड्यूटी, ट्रान्समिशन तापमान, कन्व्हर्टर स्लिप. डिसेंबरात केलेली ट्यून मे महिन्यात पुन्हा लॉग करायची, सुटी नाही.

ब्लोअर फिरवणारा पट्टा सगळ्यात आधी दगा देतो. पट्ट्याच्या कडेला धाग्यासारखे दोरे सुटलेले किंवा पुलीवर काळी भुकटी दिसली तर पुली सरळ रेषेत नाही. पूर्ण थ्रॉटलला बूस्ट ६,००० नंतर खाली पडत असेल तर पट्टा घसरतोय. टेन्शनर बदला, पट्ट्यावर स्प्रे मारू नका. अनेक किटमध्ये हाच पट्टा वॉटर पंप आणि अल्टरनेटरही फिरवतो, म्हणजे तो तुटला की गाडी तिथेच उभी. त्याच लांबीचा आणि तेवढ्याच रिबचा पट्टा इथल्या दुकानात मिळेल याची खात्री नाही. किटसोबतच दोन जादा मागवा, एक डिकीत, सोबत टेन्शनर फिरवायचा लांब दांड्याचा रेंच.